अंधेरी पूर्व विधानसभा पोटनिवडणूक, २०२२

अंधेरी पूर्व विधानसभा पोटनिवडणूक, २०२२ ही महाराष्ट्र विधानसभेच्या अंधेरी पूर्व मतदारसंघात (क्रमांक १६६) ३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेली पोटनिवडणूक होय. शिवसेनेचे विद्यमान आमदार रमेश लटके यांच्या निधनामुळे ही जागा रिक्त झाली होती. शिवसेनेत फूट पडून पक्षाचे नाव व चिन्ह गोठवले गेल्यानंतरची ही राज्यातील पहिली विधानसभा पोटनिवडणूक असल्याने सुरुवातीस ती अत्यंत चुरशीची होईल, असे मानले जात होते. मात्र उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी भारतीय जनता पक्षाने माघार घेतली आणि निकाल मतदानापूर्वीच निश्चित झाला. प्रत्यक्षात ३१.७४ टक्के मतदान झाले. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या ऋतुजा लटके ६६,५३० मते मिळवून विजयी झाल्या, तर दुसऱ्या क्रमांकाची १२,८०६ मते कोणत्याही उमेदवाराला न मिळता 'वरीलपैकी कोणीही नाही' अर्थात 'नोटा' या पर्यायाला मिळाली. कमी मतदान आणि 'नोटा'चे दुसरे स्थान या दोन बाबींमुळे ही पोटनिवडणूक तिच्या निकालापेक्षा अधिक चर्चिली गेली.

मतदारसंघ

अंधेरी पूर्व हा मुंबई उपनगर जिल्ह्यातील व मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघात मोडणारा विधानसभा मतदारसंघ आहे. अंधेरी रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडील गुंदवली, चकाला, जे. बी. नगर आणि मरोळ या बाजूच्या वस्त्यांचा त्यात समावेश होतो. चाळी, झोपडपट्ट्या, पुनर्वसन इमारती, जुनी गावठाणे आणि कार्यालयीन संकुले येथे एकमेकांना लागून आहेत. मराठी भाषकांबरोबरच उत्तर भारतीय, गुजराती, दाक्षिणात्य, मुस्लिम आणि ख्रिस्ती मतदारांची संख्या लक्षणीय आहे.

ही जागा कोणत्याही एका पक्षाचा बालेकिल्ला म्हणून ओळखली जात नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवणे आवश्यक आहे. २००९ मध्ये काँग्रेसचे सुरेश शेट्टी येथून निवडून आले. २०१४ मध्ये युती व आघाडी दोन्ही तुटल्याने चौरंगी लढती झाल्या. तेव्हा शिवसेनेच्या रमेश लटके यांनी ५२,८१७ मते घेत भाजपच्या सुनील यादव यांचा अवघ्या ५,४७९ मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये युती असतानाही भाजपचे बंडखोर मुरजी पटेल यांनी अपक्ष म्हणून ४५,८०८ मते मिळवली. लटके ६२,७७३ मते घेऊन १६,९६५ मतांनी विजयी झाले आणि काँग्रेसचे अमीन कुट्टी २७,९५१ मतांसह तिसरे राहिले. त्या वेळी मतदानाचे प्रमाण ५३ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजेच २०२२ मध्ये ही जागा 'सुरक्षित' ठरली, ती मतदारसंघाच्या स्वभावामुळे नव्हे. १७ ऑक्टोबरची माघार आणि ३ नोव्हेंबरचे मतदान यांच्यामधल्या सतरा दिवसांपुरती ती सुरक्षित झाली होती.

पार्श्वभूमी

मुंबई महापालिकेचे माजी नगरसेवक आणि दोन वेळा आमदार झालेले रमेश लटके यांचे ११ मे २०२२ रोजी दुबई येथे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५१क नुसार रिक्त झालेली जागा सहा महिन्यांच्या आत भरणे निवडणूक आयोगावर बंधनकारक असते. उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असल्यास त्यातून सूट मिळते. येथे विधानसभेची सुमारे अडीच वर्षे शिल्लक होती. आयोगाने ३ ऑक्टोबर रोजी सहा राज्यांतील सात विधानसभा जागांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात अंधेरी पूर्वसह बिहारमधील मोकामा व गोपालगंज, हरियाणातील आदमपूर, तेलंगणातील मुनुगोडे, उत्तर प्रदेशातील गोला गोकर्णनाथ आणि ओडिशातील धामनगर या जागा होत्या.

लटके यांचे निधन आणि ही घोषणा यांमधल्या काळात राज्याचे राजकारण उलटेपालटे झाले होते. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखाली शिवसेनेत फूट पडली, महाविकास आघाडीचे सरकार कोसळले आणि ३० जून रोजी शिंदे यांनी भाजपच्या पाठिंब्याने मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. दोन्ही गटांनी पक्षावर दावा सांगितल्याने ८ ऑक्टोबर रोजी आयोगाने 'शिवसेना' हे नाव व 'धनुष्यबाण' हे चिन्ह तात्पुरते गोठवले. त्यानंतर ठाकरे गटाला 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' हे नाव व 'मशाल' हे चिन्ह, तर शिंदे गटाला 'बाळासाहेबांची शिवसेना' हे नाव आणि 'ढाल-तलवार' हे चिन्ह मिळाले. मुंबई महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपून तेथे प्रशासक नेमला गेला होता व निवडणूक रखडली होती. त्यामुळे मुंबईतील शिवसैनिक नेमके कोणाकडे आहेत, याचा कौल घेण्याची पहिली संधी म्हणून या पोटनिवडणुकीकडे पाहिले जात होते.

ऋतुजा लटके यांच्या राजीनाम्याचा वाद

ठाकरे गटाने दिवंगत आमदारांच्या पत्नी ऋतुजा लटके यांना उमेदवारी देण्याचे ठरवले. त्या मुंबई महापालिकेच्या सेवेत होत्या आणि सेवेत असताना निवडणूक लढवता येत नसल्याने राजीनामा मंजूर होणे आवश्यक होते. त्यांनी सप्टेंबरच्या आरंभी दिलेला राजीनामा सशर्त असल्याचे कारण पुढे आल्यावर ३ ऑक्टोबर रोजी दुसरा राजीनामा दिला आणि नोटीस कालावधीपोटी एक महिन्याचे वेतनही भरले. तरीही निर्णय होईना, तेव्हा त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांच्याविरुद्ध एक तक्रार प्रलंबित असल्याचे महापालिकेतर्फे सांगण्यात आले. न्या. नितीन जामदार व न्या. शर्मिला देशमुख यांच्या खंडपीठाने १३ ऑक्टोबर रोजी महापालिकेची भूमिका मनमानी ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत राजीनामा स्वीकारल्याचे पत्र देण्याचा आदेश दिला. १४ ऑक्टोबर हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी लटके आणि भाजपचे मुरजी पटेल या दोघांनीही अर्ज दाखल केले. काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसने लटके यांना, तर शिंदे गटाने पटेल यांना पाठिंबा दिला होता.

भाजपची माघार

१६ ऑक्टोबर रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहून भाजपने ही निवडणूक लढवू नये, अशी विनंती केली. शाखाप्रमुखपदापासून वर आलेल्या कार्यकर्त्याच्या पत्नीस आमदार होऊ देणे हीच त्याला श्रद्धांजली ठरेल, असा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्ष शरद पवार यांनीही तसेच आवाहन केले आणि शिंदे गटाचे आमदार प्रताप सरनाईक यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. १७ ऑक्टोबर रोजी भाजपचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनी माघारीची घोषणा केली. महाराष्ट्राच्या राजकीय संस्कृतीस अनुसरून हा निर्णय घेतल्याचे भाजपकडून सांगण्यात आले. पराभवाच्या भीतीने माघार घेतल्याची टीका ठाकरे गटाने केली.

मात्र माघारीने लढत संपली, तरी निवडणूक संपली नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे रिंगणात जागेइतकेच उमेदवार उरले, तरच मतदान न घेता विजयी घोषित करता येते. एकही जास्त असल्यास मतदान घ्यावेच लागते. येथे वैध ठरलेल्या चौदा उमेदवारांपैकी सातजणांनी अर्ज मागे घेतले आणि लटके यांच्यासह सातजण राहिले. त्यांत दोन लहान पक्षांचे उमेदवार व चार अपक्ष होते. मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी आपापसांत ठरवलेला 'बिनविरोध' या सहाजणांवर बंधनकारक नव्हता, आणि कायद्याने त्यांचा लढण्याचा हक्क मुरजी पटेल यांच्याइतकाच होता. परिणामी २५६ मतदान केंद्रे, कर्मचारी, पोलीस बंदोबस्त आणि मतदारसंघातील सार्वजनिक सुटी ही सारी सिद्धता एका ठरलेल्या निकालासाठी करावी लागली.

मतदान

मतदार यादीत सुमारे २ लाख ७१ हजार नावे होती. गुरुवार, ३ नोव्हेंबर रोजी सकाळी सात ते सायंकाळी सहा या वेळेत मतदान झाले. दिवाळी संपून जेमतेम आठवडा झाला होता. प्रचारात मोठ्या सभा किंवा चुरस राहिली नव्हती. दुपारी एकपर्यंत १७ टक्क्यांहून कमी आणि सायंकाळी पाचपर्यंत २९ टक्क्यांहून कमी मतदारांनी मतदान केले होते. अखेरची टक्केवारी ३१.७४ इतकी नोंदली गेली. त्याच दिवशी मुनुगोडे येथे सुमारे ९३ टक्के मतदान झाले. तेथे तेलंगण राष्ट्र समिती, भाजप व काँग्रेस यांच्यात प्रतिष्ठेची तिरंगी लढत होती. एकाच दिवशी, एकाच आयोगाने घेतलेल्या दोन पोटनिवडणुकांतील हे अंतर 'पोटनिवडणुकीत मतदान कमीच होते' या सरधोपट समजुतीला छेद देणारे आहे.

मतदानाच्या तोंडावर 'नोटा'चे बटण दाबण्यासाठी मतदारांना प्रवृत्त केले जात असल्याचा व त्यासाठी पैसे वाटले जात असल्याचा आरोप ठाकरे गटाचे नेते अनिल परब यांनी केला. भाजपने तो फेटाळला.

निकाल

६ नोव्हेंबर रोजी गुंदवली येथील महापालिका शाळेत मतमोजणी झाली. मोजलेल्या ८६,५७० मतांपैकी ऋतुजा लटके यांना ६६,५३० (७६.८५ टक्के) आणि 'नोटा'ला १२,८०६ (१४.७९ टक्के) मते मिळाली. उमेदवारांत दुसऱ्या स्थानी राहिलेले अपक्ष राजेश त्रिपाठी यांना १,५७१ मते होती. लटके वगळता उरलेल्या सहाही उमेदवारांच्या मतांची बेरीज ७,२३४ भरते. म्हणजे एकट्या 'नोटा'ने त्या सर्वांना मागे टाकले. सहाही जणांच्या अनामत रकमा जप्त झाल्या.

लटके यांचे निकटच्या उमेदवारावरील मताधिक्य ६४,९५९ इतके प्रचंड असले, तरी त्या आकड्यावरून फारसे काही सांगता येत नाही. त्यापेक्षा उद्बोधक तुलना २०१९ च्या मतांशी आहे. मतदान ५३ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांच्या आत घसरले असताना लटके यांची मते रमेश लटके यांच्या मतांपेक्षा ३,७५७ ने वाढली. नवे नाव व नवे चिन्ह घेऊन, निकाल ठरलेला असताना, ६६ हजारांहून अधिक मतदार घराबाहेर पडले, हे ठाकरे गटाने आपल्या संघटनेच्या शाबूतपणाचे गमक मानले. विरोधी बाजूने दुसरा हिशेब मांडता येतो. एकूण नोंदणीकृत मतदारांच्या प्रमाणात पाहिले, तर लटके यांना साधारण चारांपैकी एकाचा पाठिंबा मिळाला. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. घट झाली ती मुख्यतः ज्यांचा उमेदवार रिंगणातच उरला नव्हता अशा मतदारांच्या बाजूने, एवढे अनुमान आकड्यांवरून काढता येते. त्यांपैकी किती जण घरी बसले व कितींनी 'नोटा' निवडला, हे मात्र गुप्त मतदानामुळे निश्चित सांगता येत नाही.

'नोटा'चा अर्थ व मर्यादा

'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिलेल्या निर्णयानंतर मतदानयंत्रावर 'नोटा'चा पर्याय आला. लोकसभा व विधानसभा निवडणुकांत त्याचे मूल्य केवळ मतप्रदर्शनाचे आहे. 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाली, तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवारच विजयी होतो. अनामत रकमेसाठी आवश्यक असलेला वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा काढतानाही ही मते धरली जात नाहीत. (गंमत म्हणजे, 'नोटा' हा उमेदवार असता, तर ८६,५७० मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मते मिळाल्याने त्याचीही अनामत वाचली नसती.)

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा नियम केला. त्यानुसार 'नोटा'ला काल्पनिक उमेदवार मानून, त्याला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याची तरतूद झाली. म्हणजे अंधेरीतील तोच मतदार महापालिकेसाठी 'नोटा' दाबतो, तेव्हा त्याच्या बटणाला विधानसभेतल्यापेक्षा अधिक वजन असते.

'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर येण्याची ही राज्यातील पहिली वेळ नव्हती. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख यांच्यापाठोपाठ सुमारे २७ हजार आणि पलूस-कडेगावमध्ये काँग्रेसचे विश्वजीत कदम यांच्यापाठोपाठ २० हजारांहून अधिक मते 'नोटा'ला होती. दोन्ही ठिकाणी जागावाटपात शिवसेनेला जागा गेल्याने स्थानिक भाजप समर्थकांची नाराजी हे कारण सांगितले गेले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूर येथे काँग्रेस उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतल्यावर 'नोटा'ला २,१८,६७४ मते पडली. या सर्व ठिकाणी एक समान धागा दिसतो: मतदाराला हवा असलेला पक्ष मतपत्रिकेवरून नाहीसा झाला होता.

बिनविरोधाचा प्रघात

विद्यमान सदस्याच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबातील व्यक्ती उभी असल्यास विरोधकांनी उमेदवार देऊ नये, असा प्रघात महाराष्ट्रात असल्याचे सांगितले जाते. व्यवहारात तो सोयीनुसार पाळला गेला आहे. पतंगराव कदम यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पलूस-कडेगावातून भाजप उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर विश्वजीत कदम खरोखर बिनविरोध निवडून आले. आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर एप्रिल २०१५ मध्ये तासगाव-कवठे महांकाळ येथे प्रमुख पक्षांनी सुमन पाटील यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही, परंतु अपक्ष राहिल्याने मतदान झाले आणि त्या १,१२,९६३ मतांनी विजयी झाल्या. दुसरीकडे पंढरपूर (२०२१), देगलूर (२०२१) आणि कोल्हापूर उत्तर (२०२२) या जागा आमदारांच्या निधनानेच रिक्त झालेल्या असूनही तेथे पूर्ण ताकदीने लढती झाल्या. पंढरपुरात तर भाजपने राष्ट्रवादीकडून जागा हिसकावली.

अंधेरीनंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुण्यातील कसबा पेठ व चिंचवड येथे भाजप आमदारांच्या निधनानंतर पोटनिवडणुका लागल्या. भाजपने अंधेरीचा दाखला देऊन त्या बिनविरोध करण्याचे आवाहन केले. महाविकास आघाडीने ते मानले नाही. दोन्ही ठिकाणी सुमारे ५० टक्के मतदान झाले. चिंचवडमध्ये भाजपच्या अश्विनी जगताप विजयी झाल्या, पण दीर्घकाळ भाजपचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या कसब्यात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजार मतांनी जिंकले. लढत झाली नसती, तर कसब्यातील हा बदल दिसलाच नसता, हा प्रघाताविरुद्धचा सर्वांत बोलका युक्तिवाद ठरतो. प्रघाताच्या बाजूने शोकाकुल कुटुंबाविषयीचा आदर व खर्चाची बचत ही कारणे दिली जातात. त्यांपैकी दुसरे अंधेरीच्या बाबतीत गैरलागू ठरले, कारण खर्च झालाच.

अन्यत्र आढळणारी उदाहरणे

ब्रिटनमध्ये सुरक्षित मानल्या जाणाऱ्या जागांवरील पोटनिवडणुकांत अत्यल्प मतदानाची अनेक उदाहरणे आहेत. मजूर पक्षाच्या हक्काच्या मँचेस्टर सेंट्रल मतदारसंघात नोव्हेंबर २०१२ मध्ये १८.२ टक्के मतदान झाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पोटनिवडणुकांतील ते नीचांकी होते. अंधेरीशी अधिक जवळचे साम्य मात्र अन्य दोन ठिकाणी आढळते. खासदार जो कॉक्स यांच्या हत्येनंतर २०१६ मध्ये बॅटली अँड स्पेन येथे आणि खासदार डेव्हिड एमेस यांच्या हत्येनंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये साउथएंड वेस्ट येथे इतर मोठ्या पक्षांनी आदरापोटी उमेदवार दिले नाहीत. पहिल्या ठिकाणी सुमारे २६ टक्के, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे २४ टक्के मतदान झाले आणि विजयी उमेदवारांना ८५ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. तेथे 'नोटा'ची सोय नाही. साउथएंडमध्ये एक हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार आपल्या मताने निकाल बदलण्याची शक्यता जितकी कमी, तितके मतदानास जाण्याचे कारण कमकुवत होते. अंधेरीतील घसरण या चौकटीत बसते. निष्ठेपोटी मत देणारे ६६ हजार आणि निषेधापोटी 'नोटा' दाबणारे जवळपास १३ हजार मात्र तीत सहज बसत नाहीत. शिवाय निश्चित निकाल आणि अल्प मतदान यांची सांगड अटळ नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये बीड लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा राष्ट्रवादी काँग्रेसने उमेदवार दिला नव्हता व प्रीतम मुंडे यांचा विजय गृहीतच होता. तरीही त्यांना ९,२२,४१६ मते पडली आणि ६,९६,३२१ इतके विक्रमी मताधिक्य मिळाले. सहानुभूतीच्या जोडीला त्याच दिवशी विधानसभेची सार्वत्रिक निवडणूकही असल्याने मतदार केंद्रावर येणारच होते.

पुढील घडामोडी

फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने 'शिवसेना' हे नाव व 'धनुष्यबाण' हे चिन्ह शिंदे गटाला दिले. ठाकरे गटाने अंधेरीत प्रथम वापरलेले नाव व 'मशाल' हे चिन्ह पुढे चालू ठेवले. ऋतुजा लटके यांना सुमारे दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांच्यासमोर पुन्हा मुरजी पटेल उभे राहिले, या वेळी शिंदे यांच्या शिवसेनेचे उमेदवार म्हणून. लटके यांना ६८,५२४ मते मिळाली, म्हणजे पोटनिवडणुकीपेक्षा १,९९४ अधिक. पटेल यांनी ९४,०१० मते घेऊन २५,४८६ मतांनी विजय मिळवला.